घरातल्या दोघी

"आदी हात दे, मग बोल," अण्णा म्हणायचे. आवाजावर त्यांचा विश्वास नव्हता. माझा तळवा दाबून पाहत आणि सांगत, "औषधवाला. आज जेवला न्हाईस." खरंच जेवलेलो नसायचो. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्याशी खोटं बोलायची सोय नसते.

शहापुरात माझं औषधांचं दुकान, समोर त्यांचा माग. लग्नाला वर्ष झालं नाही तोच सूत उकळताना कॉस्टिक सोड्याचं पाणी डोळ्यांत उडालं आणि नजर गेली. पुढची तीस वर्षं तुटलेले धागे त्यांनी बोटांनीच सांधले. दान मिळालेलं बुबुळ दोनदा बसवलं, दोन्ही वेळा टिकलं नाही. शेवटी उजव्या डोळ्यात कृत्रिम बुबुळ बसवलं.

पट्टी सुटली तेव्हा मी दवाखान्यात होतो. वहिनी लग्नातली हिरवी साडी नेसून आल्या होत्या. नवऱ्याने एकदा आपल्याकडे बघावं म्हणून ही बाई तीस वर्षं देव पाण्यात घालून बसली होती. अण्णांनी भिंत पाहिली, पंखा पाहिला, माझं टक्कल पाहून पोटभर हसले. मग वहिनींकडे बघत मला हळूच म्हणाले, "ही कोन रं? आवाज तिचाच काढतीया."

आम्ही हसण्यावारी नेलं. डॉक्टर म्हणाले, सवय होऊ द्या. नजर रोज सुधारत गेली. महिन्याभरात मागावरचा तुटका धागा त्यांना दारातून दिसायला लागला. वहिनी मात्र परक्याच राहिल्या.

"माझी बायकू एकोनीस वर्साची हाय," ते मला समजावायचे. "रोज मागापाशी बसायची. ह्यो डोळा आल्यापास्नं आतल्या खोलीत जाऊन बसलीया. ह्या बाईला भितीया."

"अहो, हात धरून बघा की!"

"बगितला. हात तिचाच हाय. त्येचंच तर भ्या वाटतंय."

त्या डोळ्याच्या मधोमध काळी टिकली होती. ती माझ्यावर रोखली की मी नजर वळवायचो. भरदुपारी ते रिकाम्या खोलीकडे तोंड करून बोलत बसायचे आणि वहिनी डोळ्यांत घालायचं औषध हातात घेऊन मागे उभ्या असायच्या. मला वहिनींची दया यायची, अण्णांचा संताप यायचा. एकदा मी ओरडलोच, "अण्णा, पुरे झालं!"

"असू दे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "मला बी ऐकू येतीया ती."

त्यानंतर मी त्या घरात फार वेळ थांबत नसे.

गेल्या चैत्रात अण्णा गेले. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या, डोळे कोरडे. "रडा वहिनी, मोकळ्या व्हा," मी म्हणालो.

"मी कोन रडनार?" त्या म्हणाल्या. "त्यांची जी बायकू हुती, ती रडतीया की आत."

मी आतल्या खोलीत डोकावलो. कोणी नव्हतं. तरीही परतताना ते दार ओढून घ्यायचं माझ्याच्याने झालं नाही.