ह्यांच्या मॅडमचा फोन

ह्यांच्या ऑफिसने कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी एक हेल्थ कोच नेमली आहे. दर शनिवारी तिचा फोन येतो. "हो मॅडम, लोणचं सोडलं," हे शहाण्या मुलासारखे सांगतात. तेच मी वीस वर्षं घसा कोरडा करून सांगत होते. मला त्या बाईचा मनापासून हेवा वाटतो.

काल चहा घेऊन गेले, तर हे खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात तिला सांगत होते, "भीती वाटते हो. वडील माझ्याच वयाचे असताना गेले."

मी दारातच थांबले. हे मला ह्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मीही नुसतं बजावत आले, विचारलं कधी नाही.

फोन ठेवल्यावर म्हटलं, "संध्याकाळी चालायला मीपण येते."

"आणि तुझे गुडघे?"

"दुखू देत."