माझ्या जागी बसलेली

देवाधर्माच्या गोष्टी मी सहसा लिहीत नाही आणि फारशा बोलतही नाही. रिपोर्ट वाचून जगणारी बाई मी. जे मोजता येतं, तपासता येतं, त्यावर माझा भरवसा. घरात पूजा होते तेव्हा मी हात जोडते, पण लक्ष अर्धं फोनकडे असतं. तरी आयुष्यातल्या एका दिवसाचं मला अजून काही करता आलेलं नाही. तो दिवस मी कितीतरी वेळा उलगडून पाहिला आणि दर खेपेला त्याच जागी येऊन थांबले. तो जसा घडला तसा सांगते. कुणाला पटवून द्यायचा इरादा नाही, कारण मला स्वतःलाही तो पुरता पटलेला नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव खाडीकाठचं, उलव्याजवळचं. आमची भातखाचरं आणि मिठागर नव्या शहरासाठी सरकारने घेतलं होतं, आणि बाबा तळोज्याच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहत. आमच्या घराण्यात बारावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मी पोचले, बऱ्या मार्कांनी पास झाले, आणि डॉक्टर व्हायचं एवढं एकच खूळ डोक्यात घेऊन बसले. मेडिकलच्या यादीत मात्र माझं नाव प्रतीक्षेत अडकलं. पावसाळा सरत आला तशी मीही आशा सोडली. आणि एका संध्याकाळी तार आली. मुंबईच्या कॉलेजात एक जागा रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी चारच्या आत मूळ दाखले घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाणार. मी नाचायचीच बाकी होते. बाबांनी तार उलटीसुलटी करून पाहिली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "सकाली देवीला इचारू."

आमच्याकडे लग्न ठरवायचं, विहीर खणायची, घराचा पाया घालायचा, तर गावदेवीला कौल लावतात. भगत देवीच्या पाषाणाला झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्यासाठी विचारायचं त्याने डोक्यावरून हिरवं वस्त्र घेऊन गाभाऱ्यात देवीसमोर बसायचं. पाणी चालतं, अन्न चालत नाही. पाकळी पडायच्या आत उठलं तर कौल मोडतो, आणि मोडलेला कौल पुन्हा लावता येत नाही. मी बाबांशी भांडले. शिकायला जायचं तर देवीची परवानगी कशाला, असं फणकाऱ्याने विचारलं. बाबा आवाज चढवणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "जमीन गेली तवा तिला कोनी इचारला न्हाय. तू चाललीस, तुज्यासाठी तरी इचारतो." मी दाखले पिशवीत भरायला घेतले. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. मी तिची एकुलती एक.

सकाळी लवकर आम्ही देवळात गेलो. कौल पटकन लागतो, फार तर अर्धा तास, म्हणून मी दाखल्यांची पिशवी बरोबरच घेतली होती. तिथूनच एसटी पकडायची असं ठरलं होतं. देऊळ छोटंसं, पुढे पत्र्याचा मंडप आणि आत अंधारा गाभारा. गाभाऱ्याला मागे एक बुटकं दार होतं, भगताला विहिरीवरून पाणी आणायला सोपं जावं म्हणून केलेलं. भगताने पाकळ्या लावल्या, माझ्या डोक्यावर हिरवं वस्त्र टाकलं आणि तो बाहेर जाऊन बाबांजवळ बसला. आई मंडपाच्या खांबाला टेकली. मी वस्त्राच्या फटीतून पाकळ्यांकडे बघत राहिले.

अर्धा तास गेला, तास गेला. पाकळ्या जशा लावल्या तशा. सुरुवातीला मी चिडले, मग चुळबुळले, मग मनातल्या मनात देवीला नको ते बोलले. हळूहळू मात्र मला वेगळंच काहीतरी जाणवायला लागलं. पाकळ्यांमधलं पाणी केव्हाच वाळलं होतं. त्यांच्या कडा आत वळल्या होत्या. त्यांना धरून ठेवायला दगडावर काहीच उरलं नव्हतं, आणि त्या खाली येत नव्हत्या. तेवढ्यात डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाले. जमीन हादरली, समईची ज्योत आडवी झाली, छपराच्या कौलांमधून माती माझ्या मांडीवर पडली. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. पाकळ्या हलल्यासुद्धा नाहीत. मला घाम फुटला. जणू कुणीतरी दोन्हीकडून बोटं दाबून त्या पाकळ्या धरल्या होत्या. बाहेर भगत बाबांना हलक्या आवाजात सांगत होता की असं त्याने कधी पाहिलं नाही.

अकराची एसटी चुकली असती तर मुंबईला चारच्या आत पोचणं अशक्य होतं. मी रडायला लागले. मोठ्याने नव्हे, वस्त्राच्या आत. तेव्हा डाव्या हाताला कुणीतरी असल्याचं जाणवलं. एक बाई उभी होती. वय सांगता येणार नाही. जुन्या पद्धतीचं आखूड लुगडं, पोटऱ्यांपर्यंत खाडीचा ओला चिखल, अंगाला खारट वास. आमचं गाव एवढंसं, प्रत्येक बाई मी चालीवरून ओळखायची. हिला मी पाहिलं नव्हतं.

"ऊठ बाय," ती म्हणाली. "तुजे जागी मी बसते."

उठलं तर कौल मोडेल, मी पुटपुटले. ती म्हणाली, "जागा रिकामी ठेवायची नाय, येवराच. कोन बसलाय ता देवी बघंल." आवाज अगदी साधा होता, विहिरीवर पाळी बदलून घ्यावी तसा. तुम्ही कुणाच्या, असं मी विचारलं. "याच गावची. खारातले आळीची," असं म्हणत तिने माझ्या डोक्यावरचं वस्त्र उचललं आणि स्वतःवर घेतलं. तिची बोटं माझ्या गालाला लागली. ती पावसाळ्यातल्या दगडासारखी गार होती.

मी उठले. का उठले, हिंमत कुठून आली, सांगता येत नाही. पिशवी छातीशी धरून बुटक्या दारातून वाकून बाहेर पडले. बाहेर पायरीवर खाणीची पांढरी धूळ पसरली होती, आणि तिच्यात एकही पाऊल नव्हतं. पहिली पावलं उमटली ती माझी. हे मी पाहिलं, मला कळलं, आणि तरीही मी मागे वळले नाही. खारातली आळी माझ्या जन्माआधीच उठली, तिथे आता नुसती तिवरांची झाडी आहे, हे मला एसटीत बसल्यावर आठवलं.

प्रवासातलं फार थोडं ध्यानात आहे. मी खिडकीशी बसले होते, पण माझे गुडघे बसून बसून आखडल्यासारखे दुखत होते, आणि डोळे मिटले की समोर तो पाषाण दिसायचा, अगदी हाताच्या अंतरावर. समईच्या तेलाचा वास येत होता. शेजारची बाई मला म्हणाली, "मुली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी काय बसलीयेस? ऊन लागतंय का?" माझे दोन्ही हात डोक्याजवळ होते. मी ते खाली घेतले. कॉलेजच्या ऑफिसात पोचले तेव्हा क्लार्क कपाटाला कुलूप लावायच्या बेतात होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टेबलाशी बसला. मला प्रवेश मिळाला.

परतताना मात्र मी पार खचले होते. कौल मोडून पळालेली पोर म्हणून गाव काय म्हणेल, बाबा कुणाला तोंड दाखवतील, हाच विचार डोक्यात घोळत होता. दिवेलागणीला घरी पोचले. बाबा ओट्यावर बसले होते आणि त्यांचे डोळे सुजले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाय, उजवी दिली देवीनं. पन कवा, ऊन कललं तवा. तुजा कॉलेज गेला. मीच घालवला." मला काही उमगेना. मी प्रवेशाची पावती त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "बाबा, मी जाऊन आले. ॲडमिशन झाली."

"कवा?"

"आज. आत्ता तिथूनच येतेय."

बाबांनी पावती उजेडाकडे धरून पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, "तू तं दिवसभर बसलेलीस. मी तुजी पाठ बगत होतो." पाकळी पडली, भगताने हाळी दिली, सगळे आत धावले, तेव्हा मला मागच्या दाराने बाहेर जाताना त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हातपाय धुवायला विहिरीवर गेली असेल, मग कॉलेज गेलं म्हणून रुसून कुठे बसली असेल, असं त्यांना वाटलं. जागेवर हिरवं वस्त्र नीट घडी करून ठेवलेलं होतं आणि खालची फरशी ओली होती. मी त्या बाईबद्दल सांगितलं. बाबांनी गावात घरोघरी विचारलं, पलीकडच्या गावांतही विचारून आले. तशी बाई कुणाच्या माहितीत नव्हती. त्यानंतर माझी नुसती पाठ दिसली की बाबा आधी हाक मारून मला वळायला लावायचे. आई आतून एवढंच म्हणाली, "जेवून घे."

पुढची वर्षं अभ्यासात गेली. शवविच्छेदनाचा हॉल, इंग्रजी पुस्तकं, फाडफाड बोलणारी डॉक्टरांची मुलं, या सगळ्यात मी तो दिवस पद्धतशीर गुंडाळून ठेवला. कुणीतरी दयाळू, जरा वेडसर बाई असेल. दुसऱ्या वाटेने आली असेल. अंधारात वस्त्राखाली कोण आहे ते बाहेरून कसं कळणार? हे सगळं शक्य आहे, आजही मी ते नाकारत नाही.

इंटर्नशिप संपवून मी घरी आले तेव्हाची गोष्ट. दुपारी आई मागच्या पडवीत कोलंबी सोलत होती आणि मी शेजारी बसले होते. मी सहज म्हटलं, "आई, त्या दिवशी देवळात माझ्या जागी कोण बसलं होतं गं? तू तर जवळच होतीस." वाटलं होतं, ती उडवून लावील. तिने हातातली कोलंबी खाली ठेवली.

"मी दुपारी पानी घेऊन आत गेले," ती म्हणाली. "वस्त्र उचलला. तूच होतीस. तोंड तुजा, कानातला तुजा. पन माजी पोर न्हाय ता मला लगेच कलला."

"कसं?"

"तू कदी येवरी शांत बसलीस?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. दाखल्यांची पिशवी दिसत नव्हती, त्यावरून मी कुठे गेले ते आईने ओळखलं होतं, पण तिने बाबांना हाक मारली नव्हती. हाक मारली असती तर ते माझ्यामागे थेट मुंबईपर्यंत धावले असते. आई नुसती त्या बसलेलीजवळ बसून राहिली, ऊन कलेपर्यंत. मग आईने मला जे सांगितलं ते तिने आयुष्यात दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा उजवी पाकळी मागत होते आणि आई डावी. पोर मुंबईला गेली की आपली राहणार नाही, या भीतीने ती आदल्या रात्रीपासून देवीला एकच विनवत होती, नाही म्हण. पाकळ्या पडत नव्हत्या तेव्हा तिला कळून चुकलं होतं की दुसरी बाजू तिनेच धरलीय. "मी त्या बसलेलीला म्हनले, माजी पोर मला परत दे. ती कायीच बोलली न्हाय. लय वेलानं म्हनाली, आये, माजा हात सोड. मी बगते तं तिचा मनगट माज्या मुठीत. कवा धरला मला म्हाईत न्हाय. बोटांचे वल उठलेले." आईने आपली मूठ उघडून दाखवली. "मंग सोडला. तवा पाकली पडली."

इतकी वर्षं मी समजत होते की कृपा झाली ती माझ्यावर. मी तर त्या दिवशी फक्त एसटी पकडली होती. सोडून देण्याचं अवघड काम आईने केलं, अंधाऱ्या गाभाऱ्यात, कुणाला न सांगता, आणि तेही जिच्याकडे मागायचं तिचाच हात मुठीत असताना. आज रुग्णाच्या खाटेपाशी बसलेले नातेवाईक मुठी आवळून देवाचं नाव घेताना दिसतात, तेव्हा मी त्यांना काही शिकवत नाही. जमेल तेवढं औषध देते. आपल्या हाती इतकंच आहे, हे मला पूर्वीपेक्षा शांतपणे कळतं, आणि ते कळण्याबद्दल मी दोघींची ऋणी आहे.

त्या दुपारी मी आईला एक गोष्ट विचारली. आपली पोर नाही हे ठाऊक असताना, त्या गार अंगाच्या कुणाजवळ दिवसभर बसताना तुला भीती नाही वाटली?

"वाटली ना," आई म्हणाली आणि पुन्हा कोलंबी सोलायला लागली. "पन तू गेलेलीस. ती एकलीच बसलेली, उपाशी. तीपन कोनाची तरी पोरच. तिला टाकून मी उठू कशी?"