दारावर न लावलेला कागद

पांढरकवड्याजवळच्या एका कारखान्यात मी निर्यातीचे कागद करायचे. आमची सोयाबीन ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, कंटेनरमध्ये भरली की किडीसाठी आत गॅसच्या गोळ्या ठेवून दार बंद करत. असा कंटेनर नियमाने धोकादायक माल ठरतो. दारावर कवटीचं चित्र, गॅसचं नाव आणि तारीख असलेला कागद चिकटवायचा. आत हवा खेळल्याशिवाय कुणी चढायचं नाही. कागद लावायचं काम माझं होतं.

त्या दिवशी मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं. छापील कागद संपलेले. नवे आणायला गावात जावं लागलं असतं. नेहमीचे ड्रायव्हर चाचा म्हणाले, "मॅडम, दारावर कागद लावा लागते ना?"

"बंदरावर लावतील. तुम्ही निघा."

तिथं कुणी लावत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

चौथ्या दिवशी बंदरावरून फोन आला. तपासणीसाठी दार उघडल्याबरोबर एक हमाल आत चढला आणि कोसळला. त्याला ओढून काढायला चाचा आत शिरले, तेही पडले. दोघं वाचले. कारखान्याच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी लेखी दिलं: कागद लावला होता, वाटेत निघाला असेल. झालं, दोष चाचांवर आला. ट्रकमालकाने त्यांची गाडी काढून घेतली.

पाच महिने मी त्यांच्या घरावरून जायचं टाळलं. मग एका रविवारी गेलेच. दारापर्यंत येतानाही त्यांना धाप लागत होती. चाचींनी खुर्ची दिली, चहा ठेवला. मला तो घेववेना.

"चाचा, कागद मी लावलाच नव्हता."

"मले माहीत हाये. मी तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. तुमचं लिहेल होतं, माहं नुसतं बोलणं. कोण ऐकते? आता लिहून द्या."

त्यांच्या नातीच्या वहीच्या पानावर मी सगळं लिहिलं. सोमवारी मालकांच्या टेबलावर ठेवलं. वाचून ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." ट्रकमालकाने चाचांना परत घेतलं, पण लांबची गाडी त्यांना झेपत नाही, आता ते यार्डात गाड्यांची नोंद करतात. भेटले की मुलीची चौकशी करतात.

त्या हमालाला मी अजून भेटलेले नाही. त्याचं गाव कोणतं, तेही मी कधी विचारलं नाही.