बाटली म्हणजे माप

थेंबकाकांच्या औषधी तेलाच्या दुकानात कचऱ्याचा डबा नव्हता. पन्नास वर्षांत त्याची गरजच पडली नाही. उकळून निघालेला पाला समोरचा रोपवाला घेऊन जाई, गाळायची फडकी विरली की त्यांच्या वाती होत, आणि बाटल्या गिऱ्हाइकं घरूनच आणत. जाड हिरव्या काचेच्या, बुचाच्या. कुणाच्या आजीच्या, कुणाच्या सासूच्या. काका त्या धूत, उन्हात पालथ्या घालत आणि वाकून, श्वास रोखून भरत. कधी थेंब सांडला नाही म्हणून हे नाव. खरं नाव पाटीवरूनही केव्हाच पुसलं गेलं होतं.

तेल करणं म्हणजे मात्र रंगलेला प्रयोग. तिळाच्या तेलात वाटलेला पाला मंद आचेवर दीड दिवस शिजायचा. मग तेलात वात भिजवून पेटवायची. तडतडली तर आत पाणी शिल्लक आहे, कढई उतरवायची नाही. मुकाट जळली तर तेल झालं. त्या क्षणी काका हात वर करत आणि दारातली गिऱ्हाइकं खोकायचीसुद्धा थांबत.

या दुकानात बाटली म्हणजे वस्तू नव्हे, माप. ‘अर्धी बाटली द्या’ म्हणणारा हातात बरणी घेऊन उभा असे. ‘आज वीस बाटल्या गेल्या’ म्हणजे वीस मापं तेल गेलं. याचा खुलासा कुणी कधी मागितला नाही आणि काकांनी दिला नाही.

मग वेष्टनांवर पर्यावरण कर आला. फॉर्म मोबाइलवर भरायचा होता, म्हणून सून कढईपाशी येऊन बसली.

“बाबा, वर्षाला बाटल्या किती?”

काकांनी टाळीचं वाक्य हाती आलेल्या नटासारखी मान उचलली. “चार हजार. लिही, त्यांनाही कळू दे.”

तिनं लिहिलं. खाली बारीक अक्षरांत ‘बाजारात आणलेली नवी वेष्टनं’ असं होतं. तिनं ते वाचलंही. पण धंद्यातलं बाबांना जास्त कळतं, असं तिला वाटलं.

तीन महिन्यांनी नोटीस आली. चार हजार नव्या काचेच्या बाटल्यांचा कर, तो थकवल्याचा दंड, आणि वापरलेली काच परत गोळा केल्याचा दाखला नाही, त्याचा निराळा दंड. महिन्यात भरा, नाहीतर परवाना रद्द.

काका पिशवीत गिऱ्हाइकांच्या तेरा बाटल्या घालून कार्यालयात गेले. एकेक काढून टेबलावर मांडली. कुठली किती जुनी, कुणाच्या घरची, सगळं सांगितलं. कारकून बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, ह्या तर बाटल्याच झाल्या की. विकत घेतल्याची बिलं आणा, आपण तेवढ्याच धरू.”

“घेतल्याच नाहीत, तर बिलं कुठली?”

“मग घेतल्या नाहीत असा कागद आणा.”

“तो कोण देतं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “कुणी नाही,” त्या म्हणाल्या. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं, की त्यांची आई गुडघ्यांना काकांचंच तेल लावते, घरात अजून तीच जुनी बाटली आहे. काकांचा चेहरा उजळला.

“मग तुम्हीच लिहून द्या ना, की बाटली तुमच्या घरची.”

“मी टेबलाच्या ह्या बाजूला बसते, काका.”

काकांनी तेरा बाटल्या परत पिशवीत भरल्या. घरी सून म्हणाली, कसली बाटली, हे मीच विचारायला हवं होतं. चूक तुझी नाही, एवढंच काकांना म्हणायचं होतं, पण तेवढंही म्हटलं नाही, हे पुढे पुष्कळ दिवस त्यांना टोचत राहिलं.

धाकटी तांब्याची कढई विकून सगळं भरलं. परवाना वाचला, पण नव्या अटीवर. आता तेल द्यायचं ते छापील नंबराच्या, सीलबंद बाटलीतच. परवडणारी होती प्लॅस्टिकची. विकणारा पुनर्वापराचा दाखलाही सोबत तयारच द्यायचा. पहिल्याच दिवशी काकांनी सवयीनं गरम तेल ओतलं आणि बाटल्या आक्रसून वाकड्या झाल्या. पुढे भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र लागलं, ‘पर्यावरणस्नेही व्यवसाय’, आणि त्याखाली, नियमाप्रमाणे, निळा कचऱ्याचा डबा आला.

एका सकाळी नाच शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई आल्या. काकांना एकेरी हाक मारणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी हिरवी बाटली पुढे केली.

“थेंब्या, भर.”

“सीलबंदच द्यावं लागतं आता.”

“मग ही मी सांभाळली कशाला?”

काकांनी प्लॅस्टिकची बाटली घेतली, बिल फाडलं, मग सील तोडलं. वाकून, श्वास रोखून सगळं तेल हिरव्या बाटलीत ओतलं. बाहेर काही सांडलं नाही. रिकामी बाटली घेऊन ते सवयीनं धुण्याच्या घंगाळाकडे वळले, मध्येच थांबले आणि ती त्यांनी डब्यात टाकली.

बाईंनी आपली बाटली उजेडात धरली. “थोडं कमी वाटतंय रे.”

“कडांना चिकटलं असेल,” काका डब्याकडे न बघता म्हणाले.