नऊशेवरची चिठ्ठी

“स्वस्त पुस्तक लोक घेतात, उघडत नाहीत,” असं थोरला एकदा म्हणाला आणि आपल्या पुस्तकावर नऊशे ही किंमत छापून मोकळा झाला.

पुस्तक एका खेळाच्या नियमांचं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की फासा टाकायचा. चारशे पानं. ती लिहिण्यात त्याची अकरा वर्षं गेली, केसही गेले. दर रविवारी दुपारी घरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो खेळ मांडायचा. तो, चार जुने खेळाडू आणि नव्या माणसासाठी सहावी खुर्ची. ती रिकामीच राहायची, तरी तो दर रविवारी पुसायचा.

मग धाकट्या बहिणीने त्याच खेळाची पुस्तिका काढली. एका दुपारपुरते नियम, वीस पानं, किंमतही वीस. तिचं टेबल त्याच खोलीत, शेजारी. तिसऱ्याच रविवारी तिथे बसायला जागा उरली नाही.

“दादा, ती खुर्ची नेऊ? तुझ्याकडे कोण येणारे?”

“ने. टेबलही ने. मी बसतो जमिनीवर.”

“नाटकं नकोत हं!”

तिने खुर्ची नेली. तिच्या टेबलावरचं हसू भिंतीतून ओल झिरपावी तसं त्याच्यापर्यंत यायचं. नियम माझे, फासा टाकायला हिला शिकवलं मी, आणि माणसं हिची. तिची पुस्तिका त्याने उघडली नाही. एकदाच तळहातावर ठेवून वजन पाहिलं आणि हात शर्टाला पुसला.

शनिवारी त्याने उरलेल्या चाळीस प्रतींच्या नऊशेवर चिठ्ठ्या चिकटवल्या. वीस. बघू आता.

रविवारी एक नर्स आली, ड्युटीवरून तशीच. धाकटीची वीस पानं खेळून झाली होती. मुठीत नऊशे तयार. “ते मोठं पुस्तक द्या.” मग चिठ्ठी दिसली. “वीसला? पानं गळालीत की काय? का जुना माल खपवताय?”

धाकटी उठून आली, नखाने चिठ्ठी खरवडली. “नऊशेच आहे. चुकून लागली.” मग हळू आवाजात थोरल्याला म्हणाली, “माझं शेवटचं पान तरी वाचायचंस, दादा. ‘पुढचं सगळं दादाच्या पुस्तकात, नऊशेला, आणि तेवढ्या मोलाचं’ असं छापलंय मी. हिला मीच पाठवलं.”

नर्सने पैसे दिले, पुस्तक छातीशी धरलं आणि पेन धाकटीपुढे केलं. “ताई, तुमच्यामुळेच घेतेय. सही द्या ना यावर.” मग थोरल्याकडे वळून आदराने विचारलं, “काका, तुम्हीपण खेळता का हो?”

थोरल्याच्या हातात खुर्ची पुसायचं फडकं होतं. ते त्याने नीट घडी करून बहिणीच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडला.