वैद्याचा कान आणि माझं टायमिंग

आमच्या धाकट्याला सगळे वैद्य म्हणतात, गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगतो म्हणून. मी म्हणत नाही. मी त्याचा थोरला भाऊ, याच गॅरेजमध्ये त्याच्याआधी सहा वर्षं हात काळे केलेला. मला सगळे नुसतं दादा म्हणतात. दादा म्हणवून घ्यायला काय लागतं? आधी जन्माला आलं की झालं.

लहानपणी तो किरकिरा होता. सर्दी झाली की आठ-आठ दिवस पडून असायचा आणि खिडकीतून ऐकून सांगायचा, की आत्ता गेली ती टपालवाल्याची गाडी आणि तिची साखळी सैल आहे. वडील हे जो भेटेल त्याला सांगत. माझ्याबद्दल ते काय सांगत? "थोरला कष्टाळू आहे." कष्टाळू! बैलही कष्टाळू असतो.

शाळा त्याने सोडली ती गणितात नापास झाला म्हणून, पण घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मी एकदा वर्ग बुडवला तर वडिलांनी मला पान्याने मारायचंच बाकी ठेवलं होतं.

आता त्याची काम करण्याची तऱ्हा बघा. गाडी ठोकते म्हणून गिऱ्हाईक येतं. ठोकते म्हणजे चढाला किंवा ओझं घेताना इंजिनातून खणखण आवाज येतो, डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. ठिणगीने लागलेली आग सगळीकडे पोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपणहून भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हाणतं. असं चालत राहिलं की पिस्टन कामातून जातो. मी अशी गाडी आली की लगेच पाना उचलतो. हा आधी स्टुलावर बसतो आणि चौकशा करतो. पेट्रोल कुठं भरता? मागे कोण बसतं? चढाला कितव्या गिअरमध्ये असता? एक दूधवाला तीन गॅरेज फिरून आला होता. यानं त्याला एवढंच सांगितलं, "चढ लागायच्या आधी गिअर उतरवा, शेवटच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका." झालं! दूधवाला महिनाभर गावभर याचे गोडवे गात फिरला. बेकरीवाल्याच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडून यानं आतला काजळीचा थर खरवडला, तर तो माणूस याच्या पाया पडायचा बाकी होता. आणि घरी याची बायको चार हाका मारते तेव्हा या कानाला काही ऐकू जात नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

"तुम्ही त्याच्यावर जळता," माझी बायको म्हणते. जळतोच. त्यात लपवायचं काय?

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे, वडिलांनी घालून दिलेला. ज्याने गाडी उघडली त्यानेच ती मिटवायची, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं आपोआप वाटली गेली. ऐंशीतली सत्तर त्याची. माझ्याकडे उरली ती घाईची माणसं, आणि सिस्टर.

सिस्टर म्हणजे टेकडीवरच्या दवाखान्यातल्या नर्स. वरच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासायच्या, मागे औषधांची पेटी बांधलेली. वैद्य रिकामा बसलेला असला तरी त्या त्याच्या पुढून येऊन म्हणायच्या, "मला दादांकडूनच करून घ्यायचंय." हे वाक्य मी रात्री अंथरुणात पुन्हा म्हणून बघत असे. आता हसा.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, "दादा, गाडी जरा मंद वाटते. चढाला जीव टाकते."

वैद्य शेजारीच होता. मला वाटलं, दाखवूनच देतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायला आम्ही पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरतो आणि आतलं चाक हळूहळू फिरवतो; पॉइंट उघडले की ठिणगी पडते. चाकावरची खूण जुळली की कागद सुटला पाहिजे. माझा कागद खुणेच्या बराच आधी सुटला, म्हणजे ठिणगी लवकर पडणार. मी ते तसंच ठेवलं, मुद्दाम. ठिणगी लवकर पडली की गाडी पहिल्या झटक्याला उसळते, आणि गिऱ्हाइकाला उसळी कळते, बाकीचं नंतर कळतं.

सिस्टर चक्कर मारून आल्या त्या हसतच. "अहो, काय केलंत! नवी झाली की!" मी वैद्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता.

चार दिवसांनी त्या परत आल्या. चढाला खणखण येत होती, लवकर पडणाऱ्या ठिणगीची. टायमिंग मागे घेतलं असतं तर उसळी गेली असती आणि माझी चूक उघडी पडली असती. मी म्हणालो, "साधं पेट्रोल नका भरू, जास्त ऑक्टेनचं भरा. ते असं घाईने भडकत नाही." हे खोटं नव्हतं. आवाज खरोखर बंद झाला. सिस्टर खूश झाल्या आणि मी सुटलो.

त्या गेल्यावर वैद्य हळूच म्हणाला, "दादा, टायमिंग एकदा बघ ना. ते पेट्रोल वरच्या पंपावर मिळत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "सत्तर गाड्या तुझ्याकडे आहेत. या एकीत नाक खुपसू नकोस."

तो पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसला. नियम होता ना.

पुढच्या मंगळवारी सिस्टरची गाडी टेम्पोतून आली. वरच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळालं होतं, ते भरून त्या पेटीसकट चढ चढत होत्या. अर्ध्या वाटेत गाडी धूर टाकून बंद पडली. पुढचे पाच किलोमीटर त्या पेटी खांद्यावर घेऊन चालल्या होत्या. मी हेड उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर उंदरांनी कुरतडल्यासारखे खड्डे होते आणि कडेला आरपार भोक.

"पेट्रोलमध्ये भेसळ असणार," मी म्हणालो. वैद्य खाली मान घालून प्लग पुसत राहिला.

"असेल," सिस्टर म्हणाल्या. त्या फार दमल्या होत्या. "वैद्य मला परवा बाजारात भेटले होते. म्हणाले, दादांकडून टायमिंग बघून घेतल्याशिवाय चढाला जाऊ नका. मी म्हटलं, दादांनी लावलंय, त्यात चूक असणार नाही."

उभ्या आयुष्यात एका माणसाने त्याचं सोडून माझं ऐकलं, आणि त्याच माणसाला मी पाच किलोमीटर चालायला लावलं.

"सिस्टर, पेट्रोल चांगलं होतं," मी म्हणालो. "टायमिंग मीच पुढे घेतलं होतं. तुम्ही खूश व्हाव्यात म्हणून."

गाडी कधी मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नियमाप्रमाणे गाडी मीच मिटवली. नवा पिस्टन टाकला, टायमिंग बरोबर खुणेवर आणलं, तीनदा तपासलं. वैद्याने एकदाही हात लावला नाही, सूचना केली नाही. मी गाडी स्वतः टेकडीवर नेऊन आणली, साध्या पेट्रोलवर, मागे वाळूचं पोतं बांधून. एक ठोका नाही. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं.

शनिवारी सिस्टर आल्या. त्यांनी गाडी चालू केली, जागेवरच मूठ पिळून बघितली आणि माझ्या पुढून मान वळवून स्टुलाकडे पाहिलं.

"वैद्य, जरा ऐका हो," त्या म्हणाल्या. "आता नीट आहे ना?"