देवमनचा डब्बा आणि अकरा बादल्या

अकोल्याच्या देवमन तायडेला रेडिओतलं सगळं कळत होतं, एवढंच म्हटलं तर त्याचा अपमान होईल. रेडिओ घेऊन येणाऱ्या माणसातलंही त्याला कळत असे. "आपोआपच बंद पडला," असं कुणी म्हणालं की हा विचारायचा, "मांगून कोनं उघडला होता?" गिऱ्हाईक खाली मान घालायचं. लढाईच्या वेळी त्याने पलटणीत वायरलेस सांभाळलं होतं आणि सत्तेचाळीस साली कापूस बाजाराजवळ टिनाचं दुकान टाकलं होतं. शाळा मात्र चौथीपर्यंत. त्याची आठवण कुणी करून दिलेली त्याला खपत नसे, आणि करून देणारे तर बाजारात ढिगाने पडले होते.

कापसावर पाणी मारून वजन वाढवतात, हे साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक. ती ओल ओळखायची रीत एकच. बाजारातले पारखी पंजाबराव मूठभर कापूस गालाला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. देवमनला हा गाल मान्य नव्हता. पंजाबरावांनी कुणाकडे जेवून डोळे मिटले यावर निकाल ठरतो, असं तो उघड बोलायचा. त्याचे वडील पुंजाजी सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी वाहता वाहता वाकले होते, त्यांनीच हे त्याला सांगितलं होतं.

शेवटी त्याने एका मेलेल्या रेडिओच्या खोक्यात दोन पितळी पट्ट्या, बॅटरी आणि मोडक्या मीटरचा काटा बसवला. पट्ट्यांमध्ये कापूस दाबायचा. जितकी ओल जास्त तितकी वीज जास्त जाणार, आणि तितका काटा उजवीकडे सरकणार. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे महादेवराव कुलट रेडिओ दुरुस्तीला आले, त्यांनी हा डब्बा पाहिला आणि रेडिओ तिथेच विसरून गेले. मग तीन वर्षं दर रविवारी एस.टी.ने अकोला. गणित महादेवरावांचं, तारा जोडणं देवमनचं, आणि भांडण दोघांचं सारखं.

चौसष्ट साली दिल्लीच्या एका खात्याने जाहीर केलं, की देशी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर कॉलेज आणि कारागीर मिळून संशोधन करत असतील तर सरकार मदत करील. महादेवरावांनी अर्ज भरायला घेतला. 'सहसंशोधक' या शब्दापुढे 'शिक्षण' असा रकाना होता. तिथे त्यांचं पेन अडलं.

"कारागीर म्हणून लिहू का तुमचं नाव?" त्यांनी हळूच विचारलं.

"मदत तुमच्या कॉलेजले जाऊ द्या सर, माह्यं काई म्हननं नाही," देवमन म्हणाला. "पन नाव सहसंशोधक म्हनूनच पायजे. नाही तं डब्बा मी घरी नेतो."

महादेवरावांनी रकाना कोरा ठेवला. तपासणीला येणारे साहेब काय ते ठरवतील, असं ठरलं.

साहेबांना अकोल्याला यायला महिना सापडला तो मे. त्यातून साहेब मूळचे पुण्याचे. हा माणूस दुकानाच्या टिनाखाली चक्कर येऊन पडला तर यंत्र बघणार कोण, या काळजीने महादेवरावांनी घरच्या वाळ्याच्या ताट्या आणून दाराखिडक्यांना लावल्या. त्या सुकू द्यायच्या नाहीत, हे काम देवमनच्या बायकोकडे, मनकर्णाकडे दिलं. मनकर्णा एखाद्या कामाच्या मागे लागली की ते कामच दमायचं. तिने सकाळपासून ताट्यांवर पाणी मारायचा सपाटा लावला. दुकानात असा गारवा आला की देवमनला अंगात बंडी घालावी लागली. पंजाबरावांकडून सकाळीच कापसाच्या दोन टोपल्या आणल्या होत्या, एक कोरडी आणि एक पाणी मारलेली. त्या टेबलावर सजवून ठेवल्या. आता पाहुणचाराची हौस माणसाला कशी नडते, ते बघा.

दुपारी तीनला साहेब आले. वाळ्याच्या वासाने खूश झाले. देवमनने ओला कापूस पट्ट्यांत दाबला, काटा उजवीकडे गेला. साहेबांनी मान डोलावली. मग कोरडा दाबला. काटा पुन्हा उजवीकडे. देवमनने डब्ब्याला सतरा वर्षांच्या सवयीची एक चापट दिली. काटा ढिम्म.

"हा कोरडाच हाये," गंमत बघायला आलेले पंजाबराव कोपऱ्यातून म्हणाले.

"गालाला न लावताच?" साहेबांनी विचारलं.

"मीच तं देल्ला सकायी."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तीन वर्षांच्या रविवारांचं आणि त्या कोऱ्या रकान्याचं इथेच मातेरं होणार, हे देवमनला दिसत होतं. त्याला तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण समोर पंजाबराव होते.

तेवढ्यात ताटीवर पाणी मारता मारता मनकर्णाने बाहेरून डोकं आत घातलं.

"काहून गप झाले सारे?"

"कोरडा कापूस डब्ब्यात ओला दाखवून राहिला," देवमन पुटपुटला.

"मंग खोटं काय दाखवून राहिला? सकायपासून अकरा बादल्या वतल्या मी. माह्ये पापड अशा हवेत मऊ होतात, कापूस कोरडा राहीन का?"

महादेवरावांनी कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं त्यांनी वहीत सगळं मांडलं होतं, फक्त खोलीतली हवा मांडली नव्हती. साहेबांनी स्वतः टोपली उचलली आणि बाहेर उन्हात नेऊन कापूस पसरला. ज्यांना ऊन लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, ते डोक्यावर रुमाल टाकून अर्धा तास उन्हात उभे राहिले. मग कापूस पट्ट्यांत दाबला. काटा डावीकडे येऊन बसला.

साहेबांनी टोपण काढलं आणि अर्ज मागितला. "शिक्षण किती, देवमनराव?"

"चौथी."

साहेबांनी 'चौथी' लिहिलं, आणि त्याच्यापुढे 'सतरा वर्षे काम'.

पावसाळ्यात दिल्लीचं मंजुरीपत्र आलं. देवमनने मदत किती ते वाचलंच नाही. 'सहसंशोधक: श्री. देवमन पुंजाजी तायडे' एवढीच ओळ तो पुन्हा पुन्हा वाचत बसला. बापाने जन्मभर जिनात फक्त अंगठा उठवला होता, आणि त्याचं नाव आज दिल्लीहून छापून आलं होतं. देवमनचे डोळे भरून आले.

"खाली अजून काई लिवलं हाये का?" मनकर्णाने विचारलं.

खाली होतं. खोलीतील दमट हवेचा कापसावरील परिणाम प्रथम सौ. मनकर्णा तायडे यांच्या लक्षात आला, अशी साहेबांची नोंद होती. देवमनने ती मोठ्याने वाचली. तिने आपलं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, ओला हात पदराला नीट पुसला आणि मग त्या अक्षरांवर बोट ठेवलं.